गोंदणावरचा लोगो

चोपडा, बुधवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी एका लग्नाचा अल्बम लावत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. तापीकाठच्या गावातला पोरगा होता, विशीतला असेल. नाव-गाव सांगायच्या आधीच म्हणाला, "भाऊ, आजीना फोटोवर तुमना नंबर व्हता, म्हनीसन फोन कया. बिगर नावना फोटो शे का तुमनाजोडे?"

मला काही उलगडेना. मग त्याने फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दशक्रियेची वेळ, भावकीतल्या तीस-चाळीस जणांची नावं आणि मधोमध आजी. डोक्यावर पदर, समोर चौरंगावर कानबाई, आमच्या खानदेशात श्रावणात बसवतात ती नारळाची देवी. आणि आजीच्या हातावरून आडवा गेलेला माझ्या स्टुडिओचा लोगो, त्याखाली मोबाईल नंबर. ती गेली त्याच्या दहाव्या दिवशी नदीवर जमलेल्या सगळ्या गोतावळ्याने तिच्याबरोबर माझा नंबरही पाहिला.

पोरगा अजिबात रागावला नव्हता, तेच मला जास्त लागलं. तो म्हणाला, घरात तिचा दुसरा फोटोच नाही, आधारकार्डावरचा आहे पण त्यात ती ओळखू येत नाही.

फोटो मला चांगला आठवतो. दोन श्रावणांमागचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्या गावात एका घरची कानबाई टिपायला बोलावणं होतं. काम आटोपून निघालो, तर शेजारच्या गल्लीत ही आजी नारळाला नथ बसवत होती. नथ नीट बसेना, म्हणून ती दोन-तीनदा काढून पुन्हा घालत होती. मागे घरातल्या बायका नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीत. मी विचारलं, आजी, एक फोटो काढू? तिने मान हलवली आणि परत कामाला लागली. मला कोणी सांगितलं नव्हतं, पैसे कोणी देणार नव्हतं. रात्री लोगो टाकून गावच्या ग्रुपवर पाठवला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाच्या स्टेटसला होता. मला बरं वाटलं होतं.

लोगो मधोमध का, तेही लिहून ठेवतो. आधी माझं नाव खाली उजव्या कोपऱ्यात असायचं, बारीक. मग सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातला घोडा झाला. दत्तजयंतीच्या आदल्या पहाटे तापीच्या काठावर धुकं होतं, मालक पांढऱ्या नुकऱ्या घोड्याला फिरवत होता, आणि त्याने मागचे पाय झाडले तेव्हा उडालेली धूळ उन्हात पेटल्यासारखी दिसली. त्या एका फ्रेमसाठी मी तीन वर्षं तिथे थंडीत उभा राहिलो होतो. पुढच्या जानेवारीत एका दूध डेअरीत कॅलेंडर दिसलं, त्यावर माझा घोडा. खालची दोन बोटांची पट्टी कापली होती, नावासकट. ज्यांनी छापलं त्यांना फोन केला. उत्तर आलं, "नेटवर मिळाला. त्यावर कुठे तुमचं नाव आहे?" ते वाक्य आजही आठवलं की अंगाची लाही होते.

त्याच रात्री फोटोशॉपमध्ये अ‍ॅक्शन करून ठेवली. एक बटण दाबलं की दोनशे फोटोंवर मधोमध लोगो, पुरेसा ठळक, कापता येणार नाही असा. त्या दिवसापासून माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक माणूस, देव, डोंगर त्या बटणाखालून गेला. आजीसुद्धा.

आणि त्याने चोरी थांबली का? नाही. एकच लोगो एकाच पद्धतीने शेकडो फोटोंवर असला की संगणक त्यांची तुलना करून तो आपोआप पुसू शकतो, हे २०१७ मध्येच गुगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं. आता तर मोबाईलवर बोट फिरवलं की जातो. म्हणजे ज्याला चोरायचंय त्याला अडचण नाही, आणि ज्याला प्रेमाने भिंतीवर लावायचाय त्याच्या डोळ्यात मात्र तो खुपत राहतो. हे मला कळायला घोडा पुरला नाही, आजी लागली.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे इथल्या पुष्कळ फोटोग्राफरांना माहीत नसतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की आपल्या मनाने काढलेल्या फोटोचा पहिला मालक काढणारा. त्यासाठी लोगो लागत नाही, नोंदणीही लागत नाही. फोटोतली मालकाची माहिती जाणूनबुजून काढून टाकली तर शिक्षा होऊ शकते, हे कलम २०१२ च्या दुरुस्तीत आलं. पण याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सोयीने विसरतो. गिऱ्हाईकाने पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईकाचा. म्हणजे लग्नाच्या प्रत्येक पानावर मी जो लोगो छापतो, तो दुसऱ्याच्या मालावर छापतो. नवरीच्या शालूवर माझं नाव कशासाठी? तिच्या बापाने पैसे मोजलेत. लग्नाच्या अल्बममधून लोगो उद्यापासून बंद. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात स्टुडिओचं नाव राहील, तेवढं पुरे.

मग नावच नको का? इथे मी अडतो. कारण नाव पुसलं की काय होतं ते आपल्या खानदेशाने पाहिलंय. शहाद्याकडे पक्षी टिपायला गेलो की ही गोष्ट हटकून निघते. रानपिंगळा हा घुबडांच्या कुळातला छोटा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता, संपला असंच धरलं होतं. त्या काळी खानदेशात असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने इथून त्याचे नमुने गोळा केले होते. पुढे मायनर्ट्झहागेन नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने त्यातलाच एक नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरला, नव्याने भरला आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली: १९१४, मांडवी, गुजरात. ना माणूस खरा, ना साल, ना जागा. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी ही लबाडी पकडली, खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला तो पक्षी जिवंत सापडला. फांदीवर बसलेला, भर दिवसा. एकशे तेरा वर्षांनी.

डेव्हिडसनचं नाव त्या चिठ्ठीवर कौतुकासाठी नव्हतं. कोणी, कुठे, कधी, एवढंच ती सांगत होती, आणि तेवढं खोटं झाल्यावर एक अख्खा पक्षी चुकीच्या जागी जाऊन बसला. फोटोचंही तसंच आहे. आमच्या जुन्या उस्तादांकडे प्रत्येक प्रिंटच्या मागे रबरी शिक्का असायचा: स्टुडिओ, गाव, तारीख. जांभळी शाई, कधी अर्धीच उमटलेली. लोक चाळीस वर्षांनी फोटो घेऊन येत, उलटा करून दाखवत, आणि उस्ताद निगेटिव्हचा डबा काढत. समोरून फोटो त्यांचा, मागून आमचा. मोबाईलच्या फोटोला मागची बाजूच उरली नाही, म्हणून आम्ही सगळे पुढच्या बाजूवर चढलो.

तशी फाईलला मागची बाजू असते. नाव, ठिकाण, तारीख फाईलच्या आत लिहिता येते, दिसत नाही पण राहते. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. मी ही सोय असूनही दहा वर्षं आळस केला. आणि हेही खरं की ती माहिती पोराला दिसलीच नसती. त्याने मला शोधलं ते त्या भल्या मोठ्या लोगोवरूनच. लोगो नसता तर आजीचा चांगला फोटो माझ्या कपाटात पडून राहिला असता आणि घरात आधारकार्डावरचा. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दुपारपासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून हार्डडिस्क काढल्या. तिसऱ्या डिस्कवर श्रावणाचं फोल्डर होतं. सतरा फ्रेम. ती फ्रेम उघडली, मोठी केली आणि हात दिसला. लोगो नसलेला.

मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. हिरवट पडलेलं, कातडीबरोबर सुरकुतलेलं. मनगटाजवळ ठिपक्यांची रांग, वर तुळशीवृंदावन, त्याच्या बाजूला दोन पानं. आणि वृंदावनाखाली तीन अक्षरं, मोडक्या देवनागरीत, कोणाचं तरी नाव. भावाचं असेल. आमच्याकडे जुन्या बायका भावाचं गोंदत. हे नाव तिने दुखवून घेऊन अंगावर लिहून घेतलं होतं, साठ-सत्तर वर्षं वागवलं होतं, आणि मी त्याच्यावर माझं छापलं.

पोराला फोन केला, म्हटलं सापडला. तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "कितला पैसा?" मी म्हटलं, तिने माझ्याकडून काढून घेतला नव्हता, मीच तिच्याकडून घेतला होता.

प्रिंट आत्ताच निघाली, बारा बाय अठरा, मॅट. कुठेही लोगो नाही. ती अ‍ॅक्शनही काढून टाकली. डोंगर, पक्षी, घोडे यांच्यावर नाव राहील, खाली कोपऱ्यात. कापणारा कापेल, त्याच्याशी मी भांडेन. माणसांवर नाही.

प्रिंट उलटी करून पेन्सिलीने लिहिलं: कानबाई, श्रावण, गाव, तारीख, माझं नाव, नंबर, डिस्क क्रमांक तीन. आजीचं नाव फ्लेक्सवरून उतरवलं. खाली 'हातावरचं नाव' असं लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. पोरगा सकाळी नऊला येतो म्हणालाय. त्याला माहीत नसेल तर घरातल्या मोठ्या बायकांना विचारून कळव म्हणेन.