तुम्ही विचारलंत म्हणून: हे ‘आत्मिक युद्ध’ नक्की कोणाविरुद्ध असतं?

देशावर काही मोठं संकट आलं की कोणीतरी हमखास विचारतंच, ऑफिसमधल्या मैत्रिणी विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, आणि आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, कॉलेजची पोरंसुद्धा विचारतात, की ताई, तुम्ही ख्रिस्ती लोक लगेच सैतान, दुरात्मे, आत्मिक युद्ध असं बोलायला लागता, उपास-प्रार्थना लावता, रात्र-रात्र जागता, तर हे युद्ध नक्की कोणाविरुद्ध? आमच्याविरुद्ध? सरकारविरुद्ध? आणि करता काय, नुसते डोळे मिटून बसता का? कोविडमध्ये विचारलं, आणि पहलगामनंतर तर एकीने जरा रागानेच विचारलं. तिला तेव्हा चहाच्या वेळात नीट सांगता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहिते.

हा सगळा विषय मुळात बायबलमधल्या एका पत्रातून येतो, येशूचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातून. देवाची शस्त्रसामग्री धारण करा म्हणतो तो, सत्याचा कमरबंद, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण वगैरे, संडेस्कूलच्या पोरांना तोंडपाठ असतं. पण त्याच्या आधी एक ओळ आहे आणि ती लोक घाईघाईत वाचून पुढे जातात, “आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे”. रक्तमांस म्हणजे माणूस. कुठलाही माणूस, कुठल्याही धर्माचा, पक्षाचा, देशाचा. आणि हे लिहिणारा पौल त्या वेळी बेड्यांमध्ये आहे, रोममध्ये त्याच्यावर शिपाई पहाऱ्याला होता असं बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलंय, म्हणजे शत्रू म्हणून बोट दाखवायला एक माणूस त्याच्या अगदी शेजारी उभा होता. तरी तो त्या शिपायाला शत्रू म्हणत नाही. त्यामुळे माझं उत्तर इथेच सुरू होतं, ज्या प्रार्थनेत सैतानाच्या जागी एखाद्या माणसाचं किंवा समाजाचं नाव येतं त्या प्रार्थनेला मी आमेन म्हणत नाही. मोठमोठ्या वक्त्यांच्या सभेत असं झालंय, मी गप्प उभी राहिलेय.

मग सैतान करतो तरी काय, हा पुढचा प्रश्न. १६ एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन चालू होता, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले भागात चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत अशा अफवा फिरत होत्या, लोक रात्री पहारा देत होते, आणि सुरतला अंत्यविधीसाठी निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावाने ठार मारलं. पोलीस समोर असताना. ती बातमी कळली तेव्हा आमच्या संगतीत, म्हणजे प्रार्थनेच्या गटात, बराच वेळ कोणाला प्रार्थना सुचेना. मग एका वडीलधाऱ्या भावाने त्या साधूंच्या शिष्यांसाठी, ड्रायव्हरच्या घरच्यांसाठी आणि त्या गावासाठी प्रार्थना सुरू केली. ज्यांनी मारलं त्यांच्यावर कोर्टात केस चालली पाहिजे, शिक्षा झाली पाहिजे, सैतानाने करवलं म्हणून माणूस सुटत नाही, हे मी ठामपणे म्हणते. पण माणसं ज्या भीतीने आंधळी झाली होती ती भीती, ती अफवा, अंधारात आलेली गाडी म्हणजे शत्रूचीच असणार असं ठरवून टाकणं, यालाच आम्ही काळोखाची सत्ता म्हणतो. ती काठीने मरत नाही, काठी उचलली की अजून वाढते.

आणि अफवांचं म्हणाल तर आमच्या लोकांनीही त्यात भर घातली, हे सांगितलंच पाहिजे. लस म्हणजे बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातला ६६६ चा सैतानी शिक्का असे मेसेज ख्रिस्ती ग्रुपवर धडाधड फॉरवर्ड होत होते, खाली हात जोडलेले आणि ‘आमेन टाइप करा’. पौलाच्या यादीत पहिलीच गोष्ट सत्याची आहे, सत्याने कंबर बांधा, तलवार शेवटी येते. खोटा मेसेज पुढे पाठवून जो आत्मिक युद्धाला उभा राहतो त्याने कंबरच बांधलेली नाही. मला या बाबतीत जर्मन सैनिकांचा पट्टा आठवतो, दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या पायदळाच्या पट्ट्याच्या बकलवर कोरलेलं असायचं ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे देव आमच्या बाजूने. बरोब्बर कमरेवर! आणि त्याच वेळी समुद्रापलीकडे, २६ मे १९४० ला, राजा सहाव्या जॉर्जच्या हाकेवरून इंग्लंडमधली चर्चेस प्रार्थनेने भरली होती, फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेल्या सैन्यासाठी, आणि पुढच्या नऊ दिवसांत ३ लाख ३८ हजारांवर सैनिक बोटींतून परत आले. कितीतरी लोक त्याला आजही चमत्कार म्हणतात आणि त्यासाठी देवाचे आभार मानायला मलाही काही वाटत नाही. पण देव आमच्या बाजूने आहे हे बकलवर कोरून घेणं वेगळं आणि आम्ही देवाच्या बाजूला आहोत का हे गुडघ्यावर येऊन विचारणं वेगळं. जर्मनीतसुद्धा हे विचारणारे ख्रिस्ती लोक होते, १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन या गावी जमून त्यांनी जाहीर केलं की चर्चचा प्रभू येशू ख्रिस्त, दुसरा कोणी नाही. हिटलरची सत्ता तेव्हा चढती होती. डिट्रिख बॉनहोफर हा पाळक (चर्चचा धर्मगुरू) याच लोकांमधला, १९३९ मध्ये अमेरिकेत सुखरूप पोचलेला असून परत मायदेशी गेला आणि ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली. तेही आत्मिक युद्धच होतं, आणि ते त्यांना आपल्याच देशात, आपल्याच चर्चमध्ये लढावं लागलं.

आता बायबलमधलं स्तोत्र ९१. कोविडमध्ये हे स्तोत्र प्रत्येक ख्रिस्ती घराच्या दारावर चिकटवलेलं होतं, आमच्याही होतं. काळोखात फिरणारी मरी, म्हणजे रोगाची साथ, तुझ्याजवळ येणार नाही असं त्यात आहे, आणि मी ते स्तोत्र रडत रडत वाचलेलं आहे, त्याचा आधार खरा आहे. पण काहीजण म्हणायला लागले की विश्वास असेल तर मास्क कशाला, प्रभूच्या लेकरांना काही होत नाही. आणि मग मंडळीतले अतिशय विश्वासू, प्रार्थनावीर म्हणावे असे एक वडीलधारे गृहस्थ गेले, तर त्यांच्या बायकोला फोनवर विचारणारे निघाले की घरात काही पाप होतं का, विश्वास कमी पडला का. माझा संताप झाला होता. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तो कुठलं वचन वापरतो माहितीये? हेच, एक्याण्णवावं स्तोत्र. देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुला काही होणार नाही. आणि येशू म्हणतो, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. म्हणजे बायबल तोंडपाठ असणं हे काही सुरक्षित असल्याचं लक्षण नव्हे, शत्रूलाही पाठ आहे!

१५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या मार्टिन ल्यूथरला गाव सोडून जा म्हणून सांगितलं होतं, तो राहिला, बायको गरोदर असताना राहिला, घरात आजारी माणसं ठेवून घेतली. त्याच दिवसांत त्याने एका पत्रात लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की मी देवाजवळ संरक्षण मागीन, मग धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही म्हणजे माझ्यामुळे कोणाला लागण व्हायला नको, पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर जाईनच. आणि जे औषधाला तुच्छ मानतात ते देवाची परीक्षा पाहतात असंही तो सांगतो. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस, सैतानावर पक्का विश्वास असलेला, आणि तरी धुरी आणि औषध सांगतोय. आमच्याकडे हे पत्र लॉकडाऊनमध्ये मराठीत करून वाचून दाखवलं, निदान त्यानंतर मास्कवरून वाद थांबले.

आम्ही प्रत्यक्ष करतो काय ते सांगते. साखळी प्रार्थना असते, अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट, दिवसरात्र, ग्रुपवर यादी लागते आणि आपला स्लॉट संपला की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पहाटे तीनचा स्लॉट आमच्यातल्या एका नर्सबाईंनी धरला होता, सरकारी दवाखान्यात ड्युटी, नाइट असेल तर तिथूनच. त्यांच्याजवळ एक छोटी डायरी होती, त्यात नावं नव्हती, बेड नंबर होते. बेड ११, सॅच्युरेशन ८४, मुलगी लहान आहे. बेड १७, घरून कोणी येत नाही. बेड ४ वर काट मारलेली आणि पुन्हा बेड ४, म्हणजे दुसरा पेशंट आला. त्या म्हणायच्या, मला त्यांची जात-धर्म काही माहीत नसतो गं, पीपीई किटमधून नीट ऐकूपण येत नाही, मी नंबर घेते, प्रभूला नावं माहीत आहेत. मला कोणी आत्मिक युद्धातला सैनिक दाखव म्हटलं तर मी या बाईंची डायरी दाखवीन, स्टेजवर माइक धरून सैतानाला ओरडणाऱ्यांना पुढे करणार नाही. ओरडून प्रार्थना करायला माझी हरकत नाही, आमच्याकडेही आवाज चढतो, पण त्यानंतर माणूस कुठे जातो ते मी बघते.

आणि सुरुवात नेहमी कबुलीने. बायबलमधल्या दानीएल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, देवदूत आणि पारसाचा (पर्शियाचा) अधिपती यांच्या झगड्याची गोष्ट आहे, राष्ट्रांवरच्या आत्मिक सत्तांबद्दल शिकवणारे सगळे तिथूनच सुरू करतात. अहो पण नववा अध्याय आधी येतो! त्यात दानीएल गोणपाट नेसून, उपास करून प्रार्थना करतो, आणि त्याचे शब्द आहेत ‘आम्ही पाप केले’. ‘त्यांनी’ असं म्हणत नाही, स्वतःला वगळत नाही. तर आम्हीही आमचं म्हणतो, आम्ही घाबरून शेजाऱ्यांची दारं बंद केली, आम्ही साठेबाजी केली, ज्यांच्या घामावर शहरं उभी राहिली त्यांची चौकशीही केली नाही. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, जालन्याहून मध्य प्रदेशात घरी निघालेले, आणि त्यांच्या चपात्या रुळांवर पसरलेल्या होत्या, तो फोटो सगळ्या देशाने पाहिला. त्या आठवड्यात आमचा उपास ठरलेला होता. यशयाच्या अठ्ठावनाव्या अध्यायात देव सांगतो की मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं आणि भुकेल्याला आपली भाकर वाटणं, ते त्या दिवशी वाचलं आणि मग ज्याच्या घरात जेवढं पीठ होतं ते एकत्र करून चपात्या लाटल्या, हायवेवरून चालत जाणाऱ्यांना चपात्या, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या. प्रार्थना लाटता लाटताच झाली.

हे काही आम्ही नवीन शोधलेलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या, तेवढ्यात पुण्यात प्लेग पसरलेला, नवीन मुली शहरात ठेवायची परवानगी नाही, मग केडगावच्या शेतावर त्यांना नेलं आणि तिथे ‘मुक्ती’ ही त्यांची संस्था उभी राहिली. रमाबाईंचं प्रार्थनाजीवन आमच्याकडे घरोघरी सांगतात, १९०५ मध्ये मुक्तीत मुलींच्या प्रार्थनागटांतून झालेलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, तेही सांगतात, पण एक गोष्ट कमी सांगतात. प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायकांना कशी वागणूक मिळते याबद्दल त्यांनी १८९७ मध्येच वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, इंग्रज सरकारला ते झोंबलं. सरकारही ख्रिस्ती म्हणवणारं आणि बाईही ख्रिस्ती, तरी लिहिलं. आणि त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण मृत्यूसमोर त्या ज्या बाजूला उभ्या राहिल्या ती बाजू मला ओळखू येते.

आता मैत्रिणीचा रागाचा प्रश्न. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली, त्यात सहाजण आपल्या महाराष्ट्रातले, आणि तिने विचारलं, तुम्ही आता पण सगळ्यांसाठी प्रार्थना करणार का, त्या लोकांसाठीसुद्धा? हो. सोपं नव्हतं. आधी त्या सहा घरांसाठी केली, मग आपल्या जवानांसाठी, राज्यकर्त्यांना शहाणपण मिळावं म्हणून, कारण राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं बायबलच सांगतं. मारेकरी पकडले जावेत, त्यांचे पुढचे बेत फसावेत हेही मागितलं, दुष्टाई थांबवायला मागणं हे वैर नव्हे. मग मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि पूंछच्या ख्राइस्ट स्कूलच्या मागे तोफगोळा पडून त्या शाळेत शिकणारी दोन मुलं गेली. त्या रात्री यादीत पूंछ लिहिलं, आणि त्याच्या खाली कोणीतरी लाहोर, सियालकोट लिहिलं, कारण तिथेही चर्चेस आहेत, तिथेही आया आहेत, आणि शत्रूंवर प्रीती करा ही आज्ञा शांततेच्या दिवसांपुरती दिलेली नाही. दोघांनी रागावून ग्रुप सोडला. त्यांच्यासाठीही स्लॉट ठेवला, एक परत आले, एक नाही आले.

तर हे असं आहे. ही यादी अजूनही चालू असते, फक्त आता रात्रीचे स्लॉट कमी झालेत. तुमच्या घरातलं कोणी आजारी असेल, सीमेवर असेल, किंवा ज्याचं नावसुद्धा तोंडातून निघत नाही असं कोणी मनात असेल, तर मला सांगा, नाव नको असेल तर नुसता नंबर सांगा, मी लिहून घेते.