एल-फोरचा दिवा आणि छत्रूचा नाला

पुण्यात फोरबायफोर डिझेल, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी गाडी, घेणारे बरेच जण ती बाणेर ते हिंजवडी चालवतात, पावसाळ्यात एकदा चिखल उडवून फोटो टाकतात, बास. पैसे त्यांचे, आपण कोण बोलणार. पण अशाच एका गाडीत मागच्या सीटवर बसून हिमाचलातली स्पिती करून आलो आणि माझी 'कोणती गाडी घ्यायची' ही लिस्ट पार उलटीपालटी झाली.

चंदीगडपर्यंत नुसता हायवे, लिहिण्यासारखं काहीच नाही. मित्राची फॉर्च्युनर, २.८ लिटर डिझेल मॅन्युअल, टाकी ८० लिटरची. रामपूरला फुल केली ती काझाला पोचलो तरी काटा अर्ध्यावर आला नव्हता. काझानंतर पंप एकदम मनालीकडे, म्हणून असल्या टूरसाठी मी हॉर्सपॉवरआधी टाकी बघेन. चढाला डिझेलचं सुख वेगळंच, गाडी कमी आरपीएमलाच ओढते, किंचाळत नाही.

आता नाला. कुंझुमची खिंड उतरून बातलला राजमा-चावल हाणला, चंद्रतालला आधीच उशीर केलेला, त्यामुळे छत्रूच्या अलीकडच्या नाल्यावर पोचायला दुपारचे तीन. तिकडे हे नाले सकाळी लवकर ओलांडायचे असतात, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि पाणी वाढत जातं. समोर एक धिप्पाड एसयूव्ही अडकलेली, दिसायला रणगाडा पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना, ती चाकं जागेवर गरागरा फिरतायत आणि चालक अजून रेस देतोय. चार पोरांनी ढकलून काढली एकदाची.

मग आमचा नंबर. मित्राने ऐटीत नॉब एल-फोरवर फिरवला, म्हणजे लो रेंज, चारही चाकांना ताकद पण गाडी एकदम हळू. दिवा नुसता लुकलुकतोय. परत फिरवला, परत तेच, मागे हॉर्न सुरू. गाडी घेतल्यापासून ह्या माणसाने तो नॉब कधी वापरलाच नव्हता! मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकसकट. शेवटी मागच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर स्लीपर फटक फटक करत आला, खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "भाई साब, पहले न्यूट्रल करो." गाडी थांबलेली हवी, क्लच दाबून न्यूट्रल, मग नॉब. खालून टक्क आवाज आला आणि दिवा स्थिर झाला. पहिला गिअर टाकून पाय जेमतेम ठेवला तर म्हैस डबक्यात उतरते तशी गाडी संथपणे पाण्यात शिरली, एक दगड चढली, दुसऱ्यावरून उतरली, पलीकडे. मागोमाग तो टेम्पो आला, दोन चाकांच्या जोरावर, गाणी लावून, बरोब्बर आमच्याच लायनीतून. मित्र बराच वेळ गप्प होता.

एक मात्र, डिझेलला स्पार्क प्लग नसतात म्हणून खुशाल खोल पाण्यात घालायची नाही. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग बिल बघून आपणही.

आणि मागची सीट! लो रेंज लागली ती काही मीटर, मागे बसायचं असतं हजारो किलोमीटर. लॅडर फ्रेमची, म्हणजे ट्रकसारखी वेगळ्या चासीवर बॉडी बसवलेली, कुठलीही मोठी गाडी खराब रस्त्यावर मागच्यांना उडवतेच, हे रिव्ह्यूवाले सांगत नाहीत कारण ते पुढे बसतात. बायकोचं म्हणणं, पुढच्याला स्पिती दिसते, मागच्याला छत. वर सात सीटरचा हट्ट, तिसरी रांग उघडली तर बॅगा कुठे, डोक्यावर?

आता स्वतःसाठी बघतोय तर गंमत अशी की डिझेल हॅरियर, नवी सफारी आतून झकास पण पुढच्याच चाकांच्या. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्समध्ये फोरबायफोर फक्त डिझेलला मिळतं, टाकी दोन्हींची ५७ लिटर, म्हणजे परत पंपांचं गणित. जुनी सफारी स्टॉर्म फोरबायफोर चांगली सांभाळलेली मिळाली तर बघणार आहे, पण पार्टचं काय ते आमच्या गॅरेजवाल्याला आधी विचारणार. टायर साध्या साइझचे पाहिजेत, मोठ्या अलॉयचं कौतुक शोरूममध्ये, दगडाने साइडवॉल फाटल्यावर तो साइझ काझात कोण देणार? टेस्ट ड्राइव्हला मी हल्ली सरळ मागे बसतो आणि सेल्सवाल्याला चालवायला सांगतो, वाटेतले स्पीडब्रेकर न चुकवता. एकाने विचारलं, "सर, ड्रायव्हर ठेवणार आहात का?"