आईचे रिपोर्ट आणि नाक्यावरचा प्रिंटर

जिन्यात काकूंनी माझा हात धरून हळूच विचारलं, "बायोप्सीचं काय आलं गं आईच्या?" मला काय बोलावं ते सुचेना. ही गोष्ट आईने फक्त मला आणि दादाला सांगितली होती. गिरगावच्या मावशीलाही कळवायचं नाही, निदान झालं की मी स्वतः सांगेन, अशी तिची सक्त ताकीद होती.

आम्ही लालबागचे. चाळीत कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळतं, आणि रात्री-अपरात्री टॅक्सी आणायला धावतात ती हीच माणसं. त्यामुळे काकूंचा राग आला नाही. पण कागद घराबाहेर गेलाच कसा, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी आईचे रक्ताचे रिपोर्ट छापायला नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथली पद्धत नेहमीचीच: भिंतीवर व्हॉट्सॲपचा नंबर चिकटवलेला, आपण फाइल पाठवायची, तो दुकानातल्या कम्प्युटरवर उघडून प्रिंट काढतो. स्क्रीन गिऱ्हाइकांकडे तोंड करून होती. त्याने डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि यादी खाली सरकतच राहिली. पॅन कार्डं, भाडेकरार, शाळा सोडल्याचे दाखले आणि मध्ये मध्ये थायरॉइड, सोनोग्राफी, गरोदरपणातल्या तपासण्या. कित्येक फाइलींच्या नावातच माणसाचं पूर्ण नाव. त्यात आईचंही होतं, पुढे 'सोनोमॅमोग्राफी', म्हणजे स्तनांची सोनोग्राफी. त्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत बायोप्सीचा सल्ला दिलेला होता. माझ्या मागे रांगेत चार जण उभे होते आणि मला दिसत होतं ते त्यांनाही दिसत होतं.

"ताई, मी कुणाचं वाचत नाही हो. गर्दीत पुसायचं राहून जातं," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी परत गेले आणि आम्ही दोघांनी बसून जुन्या सगळ्या फाइली काढून टाकल्या. आधी फोल्डर, मग रिसायकल बिन. व्हॉट्सॲपवरची फाइल माझ्या फोनवरून 'सर्वांसाठी डिलीट' होईना, कारण त्याची मुदत उलटली होती. ती त्याच्या फोनवरूनच पुसावी लागली. आता प्रिंट हातात आली की मी काउंटरवरून हलत नाही, माझ्यासमोर फाइल पुसली की मगच निघते.

मग घरातलं तपासायला घेतलं, तर तिथेही तेच. दादाने पुण्याहून मोठ्या हौसेने आईच्या 2009 पासूनच्या फाइली स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर ठेवल्या होत्या, पण शेअरिंग होतं 'लिंक असलेले कोणीही'. आणि ती लिंक पडली होती तेवीस जणांच्या घरच्या ग्रुपवर! ते बंद करून फक्त आम्हा तिघांची नावं ठेवली आणि खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. बॅकअप कोड कागदावर लिहून आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले.

लॅबचं प्रकरणही होतंच. त्यांच्या एसएमएसमधली लिंक दाबली की पासवर्ड न विचारता रिपोर्ट उघडायचा. दोन फोन वाया गेले. मग ईमेल लिहिली. 2011 च्या आयटी नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील वैयक्तिक माहिती'त मोडतात, एवढं त्यात स्पष्ट लिहिलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, आणि आता लिंक उघडायला ओटीपी लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आभाने. हा 14 अंकी आरोग्य खाते क्रमांक, 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. तो सक्तीचा नाही, पण परळच्या ज्या हॉस्पिटलात आईचे उपचार चालू होते तिथे तो चालत होता, म्हणून काढायला बसलो. आधारचा ओटीपी काही येईना. आईच्या आधारला बाबांचा नंबर जोडलेला होता, आणि बाबा गेल्यावर आम्ही तो बंद केला होता. हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण बंद झालेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. आईचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकत होते. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलला. तिथे आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं धुणं-भांडी केलेले हात ते. मशीनवर पाच-सहा वेळा बोटं टेकवल्यावर कुठे जमलं.

दादाला एक धास्ती होती. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर कित्येक दिवस बंद पडले आणि कामकाज हाताने लिहून चालवावं लागलं. तिथे ही गत, मग आपलं काय? त्याची भीती रास्तच आहे. म्हणून मूळ कागद टाकलेले नाहीत, ते पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेत. पण आभात सगळ्या नोंदी उचलून एका जागी नेत नाहीत हे मी त्याला समजावलं. नोंद जिथे तयार झाली त्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्येच राहते, आणि दुसऱ्या डॉक्टरला हवी असेल तर रुग्णाची संमती घ्यावी लागते. कोणते कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि किती दिवसांसाठी, हे सगळं त्या संमतीत लिहिलेलं असतं. दिलेली संमती मागेही घेता येते. माझ्यासाठी ही सोय सगळ्यात मोलाची, कारण झेरॉक्सच्या दुकानातून परत घ्यायला काहीच नव्हतं.

बायोप्सीत गाठ साधी निघाली. आईने मावशीला घरी बोलावलं, पोहे केले आणि पहिल्यापासून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मावशी रडली, मग रागावली, मग दोघी हसल्या.

पुढच्या तपासणीला ओपीडीत बाकावर बसलो असताना आईच्या फोनवर संमतीची विनंती आली. मी वाचून दाखवली. त्यात जुन्या सगळ्या नोंदी मागितल्या होत्या आणि मुदत वर्षभराची होती.

"वर्षभर कशाला?" आई म्हणाली. "आज तपासणार ना? मग आजचाच दिवस टाक. आणि माझं बाळंतपणाचं काय काढलंय त्यात? ते नको."

मी तारखा बदलल्या, नको त्या खुणा काढल्या आणि फोन तिच्या हातात दिला. चष्मा नाकावर नीट बसवून तिने सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि मग बटण दाबलं.