'लिक्का' ऐकताना

आज दुपारभर मी ब्यॉर्न उल्वेयस आणि बेनी अँडरसन या जोडीचा 'लिक्का' हा १९७० सालचा स्वीडिश अल्बम ऐकत बसलो होतो. लिक्का म्हणजे सुख. हेच दोघे पुढे 'अॅबा' या चौघांच्या स्वीडिश पॉप गटामुळे जगभर पोहोचले आणि १९७४ साली ब्रायटन येथे युरोव्हिजन ही युरोपीय गीतस्पर्धा जिंकले. पण जोडीने गायलेला हा अल्बम मात्र त्या प्रचंड यशाच्या सावलीत राहिला, याची मला मनापासून हळहळ वाटते.

मुक्तिफौजेतल्या, म्हणजे 'साल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेतल्या, एका म्हाताऱ्या सैनिकाला हाक मारणारे 'हेय गाम्ले मान' हे गाणे मी पाच वेळा ऐकले. ध्रुवपद सुरू झाले की या दोघांच्या आवाजामागून दोन स्त्रियांचे आवाज हळूच वर येतात. ते आग्नेता फेल्टस्कोग आणि आनी-फ्रीड लिंगस्टाड यांचे आहेत, आणि पुढे जगाला वेड लावणाऱ्या त्या चौघांचे सूर ध्वनिमुद्रिकेवर प्रथम एकत्र आले ते याच गाण्यात. श्रेयनामावलीत मानाची जागा नसताना, केवळ साथीला म्हणून त्या इतक्या जीव ओतून गायल्या आहेत की पाचव्या वेळी मी मूळ गायकांकडे लक्ष न देता फक्त त्यांनाच ऐकत राहिलो.