बाबूजींनी लिहिलेला डी

आपल्या आर्वीच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, हा समितीचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा त्यात माझं नाव 'प्रद्न्या' असं पडलं होतं. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिणाऱ्यांच्या हातून हे होतंच. लग्नपत्रिकांवर, सत्काराच्या श्रीफळासोबतच्या कागदावर, सोसायटीच्या पाटीवर मी प्रद्न्या, प्रदन्या, प्रध्न्या अशी सगळी होऊन बसले आहे. विषय काय घ्यावा हा प्रश्न तिथेच सुटला.

हे नाव बाबांनी ठेवलं. प्रज्ञा, शील, करुणा यांतलं पहिलं. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांची नावं कचरू, धोंडू अशी. त्यातही रजिस्टरात लिहिताना गुरुजी त्याचं 'कचऱ्या' करून टाकायचे, कारण विचारणारं कोणी नव्हतं. त्यामुळे बाबांना शाळेच्या रजिस्टरातल्या शाईचं फार. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झालं, रजिस्टर क्रमांक 1914, हे त्यांना तोंडपाठ होतं. सरकारने 2017 पासून त्या तारखेला विद्यार्थी दिवस सुरू केला. आमच्या घरी त्या दिवशी त्याच्याही आधीपासून खीर होत असे.

आर्वीला पाचवीत आले तेव्हा नाव घालायला बाबा स्वतः आले होते. पेन शाळेच्या कारकुनांच्या, म्हणजे आपल्या बाबूजींच्या हातात, पण नजर बाबांची. ज्ञ नीट उमटला की नाही ते त्यांनी टेबलावर वाकून पाहिलं. बाबूजींना ते आवडलं नसावं. "पोरीचं नाव खातो का काय मी?" असं काहीसं म्हणाले.

आपल्याकडे विदर्भात अर्धं बोलणं हिंदीतून चालतं. त्यामुळे वर्गात निम्मी पोरं मला 'प्रग्या' म्हणायची. दहावीला राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेची सूचना फळ्यावर लागली, तेव्हा मागच्या बाकावरून "सर, हे तं इथंच बसली आहे, शोधता काहून?" असा आवाज आला. त्या परीक्षेत माझा काही शोध लागला नाही, पण वर्ष संपेपर्यंत मला 'शोध' म्हणून हाक मारणारे चौघेजण आजही भेटले की तेच म्हणतात, आणि त्यात उच्चाराची चूक व्हायला जागाच नाही.

मराठीच्या सरांनी मात्र एकदा अख्खा तास या अक्षरावर घालवला. ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर. आपण त्याचा उच्चार द्न्य करतो, हिंदीवाले ग्य करतात, गुजरातीत ग्न होतो. अक्षर बघितलं तर यात द नाही, ग नाही, आणि जसं लिहिलंय तसं आज बोलतो कोण? तेव्हा ग्या म्हणणाऱ्याला हसू नका आणि स्वतःचं बदलूही नका, असं सरांनी सांगितलं होतं. पुढे याचा फार उपयोग झाला.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा खरा पेच आला. इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर. बाबूजींनी मान वर न करता विचारलं, "जी का डी?" मला कळेना. ज्ञानेश्वरांचं नाव आपल्याकडे डी-एन-वाय ने सुरू होतं, पण ज्ञानपीठ पुरस्काराचं स्पेलिंग जे-एन ने. कुर्ल्याहून कोलकात्याकडे जाणारी ज्ञानेश्वरी एक्स्प्रेससुद्धा जे-एन ने धावते. म्हणजे ज्ञानेश्वर डी आणि ज्ञानेश्वरी जे. बाबूजी म्हणाले, "महाराष्ट्रात राहतो ना आपण, डीच घाल." आणि त्यांनीच पेन्सिलीने डी लिहिला. बोर्डाकडून प्री-लिस्ट, म्हणजे सर्टिफिकेट छापण्याआधी तपासायची नावांची यादी आली, तेव्हा प्रत्येकाला टेबलापाशी उभं करून स्वतःच्या नावाची अक्षरं मोठ्याने वाचायला लावली, मगच सही घेतली. "सर्टिफिकेटावर येईल तेच जन्मभर," हे वाक्य त्यांनी त्या दिवशी प्रत्येकाला ऐकवलं असेल. आम्हाला तेव्हा नुसता कंटाळा आला होता.

नोकरीसाठी हैदराबादला गेले आणि त्या डीची किंमत कळू लागली. फोनवर समोरचा माणूस आधी थांबतो. मग "प्रा... पार... मॅडम, दिस इज फ्रॉम बँक." काहीजण प्रदान्या करतात, एका डॉक्टरांच्या दारात मला 'प्रधान' म्हणून बोलावलं आणि मी बसूनच राहिले, माझा नंबर गेला. तेलुगू मैत्रिणी प्रग्ना म्हणतात. दिल्लीचे लोक प्रग्या. या कुणावर मी चिडत नाही, सरांचा तास आठवतो. त्यांच्या भाषेत ते अक्षर तसंच वाचतात. माझा संताप वेगळ्यांवर आहे. मेलच्या खाली माझं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं, ते समोर ठेवून उत्तरात जी-वाय घालणारे. नावात आपल्या मनाने दुरुस्ती करून, वर मलाच "तुमचं स्पेलिंग चुकलंय बहुतेक" असं कळवणारे. आणि सगळ्यात वरचा नंबर, "डिफिकल्ट आहे, आम्ही पी म्हणू का?" म्हणणाऱ्यांचा. पी नका म्हणू. अख्खं म्हणायला एक श्वासही लागत नाही.

शिवाय आपली मराठी पद्धत, आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. बाहेरच्या कुठल्याही फॉर्मला हे पचत नाही. आडनावालाच नाव समजून मला मिस्टर करतात, आणि मधलं नाव वडिलांचं म्हटल्यावर, मग नवऱ्याचं का नाही, हा पुढचा प्रश्न तयार असतो. मी लग्नानंतर काहीच बदललं नाही. कागदपत्रांच्या धास्तीने की तत्त्व म्हणून, असं विचारतात, दोन्ही.

कागदावर मात्र एकदा अडकलेच. एका ओळखपत्रावर इंग्रजी बरोबर होतं, पण मशीनने त्यावरून केलेलं मराठी 'प्रदन्या'. घराच्या कर्जाच्या वेळी नेमकं मराठी नाव जुळवायचं निघालं. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात द्या, असे सल्ले आले. राजपत्रात नाव बदलल्याचं छापतात. माझं तर बदललंच नव्हतं, मग तिथे देणार काय? बँकेतल्या एका अनुभवी माणसाने विचारलं, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा मिळेल का? आर्वीला आले. नवीन बाबू होते, मला ओळखण्याचं कारण नव्हतं. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि बोट ठेवलं. निळ्या शाईत ठसठशीत 'प्रज्ञा'. दुपारच्या सुट्टीच्या आत मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा हातात होता. कर्जाचं काम त्यावर झालं. बाबांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि लॅमिनेट करून आणला. खरं तर लॅमिनेट करायला नको होता, पण ऐकतं कोण.

आता 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा शासनाचा निर्णय आहे. आमच्या वेळी आईचं नाव गुणपत्रिकेवर वेगळ्या ओळीत, एकटंच छापलेलं असायचं. ही मुलं दहावीला येतील तेव्हा नाव चार शब्दांचं असेल. समितीत शिक्षक मंडळी आहेत म्हणून इथेच लिहिते: त्यांच्या प्री-लिस्टला एक अख्खा तास द्या, आणि बाबूजींसारखं मोठ्याने वाचून घ्या.

माझी भाची सध्या आपल्याच शाळेत सातवीला आहे. आत्याचे हाल पाहून दादाने तिचं नाव निवडताना एकही जोडाक्षर नको असं ठरवलं होतं. सुजाता. कुठेही जा, कुणालाही वाचता येईल, असं तो बारशाला सगळ्यांना सांगत होता. आमच्या हैदराबादला त याचं स्पेलिंग टी-एच करतात आणि पोरगी तिकडे शिकायला आली की तिच्या नावात एक एच घुसणार आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.