तुम्ही विचारलंत म्हणून : सगळेच करकपातवाले, मग भांडण कसलं?

सांगलीला गेलं की भाऊजींचा प्रश्न ठरलेला असतो. चहा होतो, प्रवासाची चौकशी होते आणि मग ते पेपर बाजूला ठेवून विचारतात, "वहिनी, तुमच्याकडचे रिपब्लिकन म्हणजे कर कमी करणारे ना? मग करावरूनच ते एकमेकांच्या उरावर का बसतात?" इकडे मराठी मंडळात नव्याने आलेली मुलंही हेच विचारतात. गणपतीच्या गर्दीत हातात प्रसादाचा द्रोण धरून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी २२ वर्षं कॅन्ससमध्ये, ओव्हरलँड पार्कला राहते. जानेवारी ते एप्रिल लोकांची टॅक्स रिटर्न भरून देणं हे माझं काम. त्यामुळे हे भांडण मी टीव्हीवर कमी आणि माझ्या टेबलावरच्या कागदांत जास्त पाहिलं.

कॅन्ससमध्ये नावाला पक्ष दोन असले तरी प्रत्यक्षात तीन आहेत. एक डेमोक्रॅट, दुसरे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे कट्टर रिपब्लिकन आणि तिसरे मॉडरेट म्हणजे मवाळ रिपब्लिकन. आमची जॉन्सन काउंटी हा मॉडरेटांचा बालेकिल्ला. ही माणसं चर्चला जाणारी, धंदा करणारी, सरकारने हात आखडता घ्यावा असं मानणारी. पण शाळा आणि रस्ते आपल्या आजोबांनी उभे केलेत, ते मोडकळीला येऊ द्यायचे नाहीत, हेही तितक्याच ठामपणे मानणारी.

२०१२ साली गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकर कमी करणारा मोठा कायदा आणला. वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ वर आला. पण खरी गोम दुसरीकडे होती. धंद्याचं, शेतीचं, भागीदारीचं जे उत्पन्न मालकाच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये येतं, त्यावरचा राज्याचा आयकर शून्य. ब्राउनबॅक याला स्वतःच प्रयोग म्हणत. त्यांचे सल्लागार होते आर्थर लॅफर. कर कमी केला की उलाढाल वाढते आणि तिजोरीतली तूट भरून निघते, हा विचार रेगनच्या काळापासून ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच.

कायदा मंजूर कसा झाला, तेही सांगायला हवं. राज्याच्या सिनेटमध्ये मॉडरेट रिपब्लिकनांचा जोर होता आणि विधेयक तिथे आधी पडलं होतं. मग आता मंजूर करा, पुढे वाटाघाटीत सौम्य करू, अशी विनवणी झाली. सिनेटने विश्वास ठेवला. खालच्या सभागृहाने वाटाघाट न करता तेच विधेयक थेट गव्हर्नरकडे पाठवलं आणि त्यांनी सही केली. ऑगस्टमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका झाल्या. सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह मॉरिस यांच्यासह मॉडरेट सिनेटर एकापाठोपाठ एक हरले, तेही आपल्याच पक्षाच्या उमेदवारांकडून. त्या उमेदवारांमागे व्यापारी चेंबरचा आणि करविरोधी संघटनांचा पैसा होता. भाऊजी, उरावर बसणं म्हणता ते हे.

आता माझ्या टेबलावर काय झालं ते सांगते. एक जोडपं माझ्याकडे वर्षानुवर्षं येतं. तो प्लंबर, स्वतःची व्हॅन, स्वतःचा धंदा. ती सरकारी शाळेत तिसरीची शिक्षिका. दोघंही पक्के रिपब्लिकन. २०१३ चं रिटर्न भरताना केंद्राच्या फॉर्मवरच्या ओळ १२ मधलं त्याचं धंद्याचं उत्पन्न मी राज्याच्या फॉर्मवर वजा केलं. त्यावर कर शून्य. तिचा पगार मात्र जसाच्या तसा करपात्र. एकाच घरात, एकाच ओट्यावरच्या डब्यात पडणारे दोघांचे पैसे, आणि राज्य फक्त तिच्या पैशातून वाटा घेणार. तिने दोनदा विचारलं, "बरोबर आहे ना हे?" मी आकडे पुन्हा तपासले. बरोबर होते.

ती दरवर्षी एक खाकी पाकीट आणते. त्यात खडू, कागद, गोंद, वाचनाच्या कोपऱ्यातली पुस्तकं अशा वर्गासाठी स्वखर्चाने आणलेल्या सामानाच्या पावत्या असतात. केंद्र सरकार शिक्षकांना त्यातले तेव्हा २५० डॉलरपर्यंत वजा करू द्यायचं. त्या वर्षांत पाकीट फुगत गेलं.

त्याला मी एकदा विचारलं, वाचलेल्या कराचं काय केलंत? म्हणाला, व्हॅनचे हप्ते लवकर फेडले. हाताखाली माणूस ठेवलात का? तो म्हणाला, "माणूस ठेवायला काम लागतं. कर वाचला म्हणून कुणाचा नळ जास्त गळत नाही." लॅफरसाहेबांच्या सिद्धांतावर मी पुष्कळ वाचलंय, पण त्यातली अडचण इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेली नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॅन्ससच्या राज्यघटनेनुसार सरकारला खर्चाचा मेळ घालावाच लागतो, कर्जावर दिवस काढता येत नाहीत. मग हायवेच्या निधीतून पैसे उचलणं सुरू झालं, इतकं की लोक रस्ते खात्याला (त्याचं लघुनाव केडॉट) 'बँक ऑफ केडॉट' म्हणू लागले. २०१४ मध्ये राज्याचं पतमानांकन घसरलं. २०१५ च्या मे महिन्यात काँकॉर्डिया आणि ट्विन व्हॅली या शाळा-जिल्ह्यांनी पैशाअभावी शैक्षणिक वर्ष काही दिवस आधीच संपवलं. त्याच वर्षी विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के केला, आणि तो तेव्हा किराण्यावरसुद्धा लागू होता. आमच्या पूर्वेला स्टेट लाइन रोड आहे. त्याच्या एका बाजूला कॅन्सस, पलीकडे मिसुरी, जिथे अन्नावरचा राज्याचा कर तेव्हा सव्वा टक्क्याच्या आसपास होता. महिन्याचं दूध, अंडी, भाज्या घ्यायला रस्ता ओलांडणारे शेजारी मी पाहिलेत. धंदेवाल्याचा आयकर माफ आणि दुधाच्या बाटलीवर कर वाढला, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण ती माणसं मनापासून बोलत होती. त्यांच्या मते पैसा आधी कमावणाऱ्याचा. सरकारने तो कमीत कमी घ्यावा, हे मुळात नीतीचं आहे, हिशेबाचं नंतर. तूट आली तर दोष करकपातीचा नाही, खर्च न छाटणाऱ्यांचा. शिवाय त्याच वर्षांत तेलाचे आणि धान्याचे भाव पडले होते, हेही खरं. यामागे एक जुनी जखमही आहे. करविरोधी संघटना चालवणारे ग्रोव्हर नॉर्क्विस्ट १९८६ पासून उमेदवारांकडून कर न वाढवण्याची लेखी शपथ घेतात. थोरल्या बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही असं पक्षाच्या भर अधिवेशनात सांगितलं आणि १९९० मध्ये तुटीपायी कर वाढवले. न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्याच पक्षाचे खासदार उलटले. १९९२ ची निवडणूक बुश हरले. तेव्हापासून 'कर वाढवणारा रिपब्लिकन' ही त्या पक्षात शिवी झाली.

आणखी एक गट आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. करकपातीच्याच बाजूचे अर्थतज्ज्ञ. टॅक्स फाउंडेशनसारख्या करांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने कॅन्ससच्या धंद्याच्या सवलतीवर टीकाच केली. त्यांचं तत्त्व साधं आहे : दर कमी ठेवा, पण सगळ्यांना सारखा लावा. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ पासून साधारण त्या वाटेने, टप्प्याटप्प्याने दर उतरवले आणि तिथे कॅन्ससची पाळी आली नाही. म्हणजे कर कमी करावा यावर एकमत असूनही तो कुणाचा, कशाच्या बदल्यात आणि बिल कुणी भरायचं, यावर हाडवैर. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. एकाला करकपात हेच ध्येय वाटतं, दुसऱ्याला अंथरूण पाहून पाय पसरणं हाच खरा पुराणमतवाद वाटतो. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे.

२०१६ च्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत त्या जोडप्याच्या अंगणात दोन पाट्या होत्या. दोन्ही रिपब्लिकन, एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवारांच्या. त्या वर्षी बरेच मॉडरेट परत निवडून आले. ६ जून २०१७ ला विधिमंडळाने ब्राउनबॅक यांचा व्हेटो (नकाराधिकार) झुगारून कर पुन्हा लावले, सवलत रद्द केली. सिनेटमध्ये २७ विरुद्ध १३. व्हेटो उलटवायला २७ च लागतात, एक मत कमी पडलं असतं तर सगळं तिथेच राहिलं असतं. त्या २७ मध्ये १८ रिपब्लिकन होते. कर वाढवण्याला हो म्हणणं म्हणजे पुढच्या प्रायमरीत डोकं ठेवायला देणं, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला त्यांचा आदर वाटतो.

पुढे मॉडरेटांचं फारसं बरं झालं नाही. २०१८ च्या डिसेंबरात जॉन्सन काउंटीतल्या बार्बरा बॉलियर, स्टेफनी क्लेटन आणि डायना साइक्स या तिन्ही मॉडरेट आमदार पक्ष सोडून डेमोक्रॅट झाल्या. आणि कॅन्ससने जी सवलत फेकून दिली, तिचाच सौम्य अवतार, धंद्याच्या उत्पन्नावर २० टक्के वजावट, वॉशिंग्टनने २०१७ च्याच डिसेंबरात केंद्रीय कायद्यात घातला. २०२५ मध्ये ती कायमची केली.

वॉशिंग्टनला कर्ज काढून सण साजरा करता येतो, म्हणून तिथलं भांडण वेगळ्या चालीचं. २०२५ च्या केंद्रीय कर-कायद्याने दहा वर्षांत तूट ३.४ ट्रिलियन डॉलरने वाढेल असा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. कर्जाचं कारण देत केंटकीचे रिपब्लिकन टॉमस मॅसी विरोधात गेले. न्यूयॉर्क, न्यू जर्सीचे रिपब्लिकन केंद्राच्या आयकरात मिळणाऱ्या राज्य-करांच्या वजावटीची मर्यादा १०,००० डॉलरवरून ४०,००० वर नेल्याशिवाय हलेनात. ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांच्यासारखे लोक तर श्रीमंतांवरचा कर वाढवा म्हणत होते. परदेशी पैसे पाठवण्यावरचा करही याच मंथनातून आला. सुरुवातीला ५ टक्के होता, शेवटी १ टक्का उरला, आणि तोही रोख किंवा मनी ऑर्डरने पाठवलेल्या पैशांवर. आईवडिलांना बँक खात्यातून पाठवता त्याला लागत नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना मी हे फोनवर सांगितलंय, आता इथेही लिहून ठेवते.

ते जोडपं यंदाही फेब्रुवारीत आलं. तिने पक्षाची नोंदणी २०१९ मध्ये बदलली, त्याने नाही. खर्च छाटायला हवा होता, हे त्याचं मत कायम आहे. त्याची फाइल आधी झाली. मग तिने खाकी पाकीट पुढे सरकवलं. आता ३०० डॉलरपर्यंत वजा करता येतात. पावत्या ५१२ च्या होत्या.