आमची वाटचाल: चार रिपा आणि वाकळ

२०१४ साली कराडला घराच्या पुढच्या खोलीत वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, शिवायचं काम सुरू केलं, तेव्हा भांडवल म्हणजे सासूबाईंचा हात आणि माझी हौस. लोक आजीची लुगडी आणून देत. "वाकळ करा, पण पदर वर दिसू दे," एवढीच अट असे. शिवायचा आम्हा दोघींना कधी कंटाळा आला नाही. खरी कटकट टाचणीची, म्हणजे शिवणीआधी सगळे थर एकत्र धरून ठेवायची. फरशीवर सतरंजी, तिच्यावर खालचं लुगडं, मध्ये जुनी धोतरं, वर दुसरं लुगडं, आणि त्यावर रांगत कच्चे टाके घालायचे. उलटून पाहावं तर खालच्या थराला चुण्या. एकदा तर सतरंजीसकट टाचून बसलो.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. मी सुतारमामांकडून नऊ फुटी दोन आणि सात फुटी दोन रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, करून घेतल्या. कोपऱ्यांना एकीवर एक ठेवून शिकंज्यांनी (क्लॅम्पनी) आवळायच्या, झाली चौकट. ती अंगणात जोडून दाखवताना मामा म्हणाले, "वैनी, दिसती तिरडीवानी." सासूबाईंनी त्यांना चहा दिला, पण चौकट दोन दिवस उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

ती फसलीच म्हणा. लाकूड खोक्यांचं, पहिल्या पावसात पिळलं. शिवाय लुगडं थेट खिळ्यांना अडकवलेलं, ते टरकलं. गिऱ्हाइकाच्या आजीचं लुगडं! ठिगळ लावलं, पैसे घेतले नाहीत. दुसरी चौकट जुन्या दाराच्या सागातून चिरून घेतली आणि चारी बाजूंना मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची, पट्टी ठोकली. आता खालचं कापड त्या पट्टीला लांब टाक्यांनी जोडतो, म्हणजे ताण एका जागी न येता सगळ्या कडेवर पसरतो. ताणायचं तेही बेतानं. ढोलकीसारखं ताणलं तर सोडल्यावर वाकळ आक्रसते. हे कळेपर्यंत चार वाकळा गेल्या. दोघी समोरासमोर बसल्या की हात मध्यापर्यंत पोचतात. डबल बेडची असली तर टाचून झालेली कड रिपेवर गुंडाळत पुढं सरकायचं.

मला वाटलं, शिवणही चौकटीवरच उरकावी. पण आमची वाकळ कडेपासून सुरू होते आणि चौकोनात चौकोन घेत मध्यावर संपते. गुंडाळलेल्या कापडावर तसं फिरता येत नाही, सरळ ओळीच घालाव्या लागतात. ताणलेल्या कापडात सुईवर चार-पाच टाके एकदम भरताही येत नाहीत; सुई एकदा खाली, एकदा वर. "ही वाकळ न्हवं, गादीची खोळ," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून टाचणी चौकटीवर, धावदोरा मांडीवर.

कापसाच्या रजया मात्र चौकटीवरच पुऱ्या होतात. दाभणानं दुहेरी सुती दोरा आरपार काढायचा, वर आणायचा, उलटसुलट दोन गाठी मारायच्या आणि बोटभर शेपूट ठेवून कापायचा. सुरुवातीला आठ-आठ इंचांवर गाठी मारल्या. एका लॉजवाल्यांनी नेलेल्या बारा रजया पहिल्याच धुण्यानंतर परत आल्या, आत कापसाचे गोळे! चूक आमचीच होती. सगळ्या उसवल्या, कापूस पुन्हा पिंजून आणला. आता दोन गाठींत मूठभर, म्हणजे साधारण चार इंच अंतर. वेळ बराच जास्त लागतो, भावही त्याप्रमाणे सांगतो, आणि घासाघीस करणाऱ्याला ती गोष्ट ऐकवतो.

सध्या तीन चौकटी आहेत. दोन सुताराच्या घोड्यांवर (उंच लाकडी टेकूंवर), स्टुलावर बसून काम करणाऱ्यांसाठी. तिसरी विटांवर ठेवलेली, कारण मांडी घातल्याशिवाय ज्यांची सुई चालत नाही अशा दोन मावशी आमच्याकडे आहेत. चौथी करायची आहे. सुतारमामांचा मुलगा लोखंडी पाइपची करा म्हणतो, स्वस्त पडेल. पण पावसाळ्यात लोखंडाचा गंज पांढऱ्या धोतराला लागला तर तो डाग सहजासहजी निघत नाही. त्याला सागच बघायला सांगितलंय.